मार्केट यार्डातला इंग्रजी उतारा

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सर्वांत जड काय जाते असे विचारले, तर बहुतेक जण गणिताचे नाव घेतात. गणित जड असतेच. पण तिथे आपले घोडे कुठे अडले हे निदान कळते. शेकडेवारी येत नसेल तर शेकडेवारी पुन्हा शिकता येते. इंग्रजी उताऱ्याचे तसे नाही. उतारा वाचून होतो, शब्द बहुतेक ओळखीचे असतात, पर्यायांपैकी एक पटतो, आणि उत्तर चुकते. ते का चुकले हे पुस्तकामागच्या स्पष्टीकरणातूनही उलगडत नाही. असे बरेचदा झाले की मूल स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकते: माझे इंग्रजी कच्चे आहे. मग शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तके येतात, व्याकरणाचा क्लास लागतो, वेगवाचनाचाही लागतो. महिने जातात, पैसे जातात, आणि उताऱ्यातले गुण होते तिथेच राहतात.

माझे म्हणणे असे की हे निदानच बहुतेक वेळा चुकलेले असते. पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला उताऱ्यातली वाक्ये कळतात. हातातून निसटते ते त्या वाक्यांमधून चाललेल्या वादाचे सूत्र, आणि ज्या विषयावर तो वाद चालला आहे तो विषय. या दोन्ही गोष्टी मराठीतून कमावता येतात. इंग्रजी उताऱ्याच्या सरावाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

हे मी पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डाभोवती राहणारी मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. हमाल, तोलणार, गाळ्यावरचे दिवाणजी, टेम्पोचालक, किरकोळ भाजीविक्रेत्या यांची ही मुले. आंबेडकरनगर, डायस प्लॉट, बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर अशा वस्त्यांत त्यांची घरे आहेत. रात्री गाड्या लागतात, पहाटे लिलाव सुरू होतो. घरातले मोठे माणूस कामावर निघते तेव्हा मुलगी पुस्तक मिटून झोपायच्या बेतात असते. या मुलांनी पदवी गाठली त्यामागे एक इतिहास आहे. डॉ. बाबा आढाव यांनी 1950 च्या दशकात पुण्यातल्या हमालांना संघटित करायला घेतले आणि हमाल पंचायत उभी राहिली. पुढे 1969 मध्ये राज्याचा माथाडी कायदा आला. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, ठरलेला दर, भविष्यनिर्वाह निधी मिळण्याची वाट मोकळी झाली. मजुरीला थोडी निश्चिती आली म्हणून मुले शाळेत टिकली, बारावी झाली, बी.कॉम. झाली. आता त्यांच्यापैकी काही एमबीएच्या सीईटीला बसतात, काही कॅटला. आजोबा अंगठा करत होते आणि नातवापुढे मानववंशशास्त्रावरचा इंग्रजी उतारा आहे. एवढे अंतर दोन पिढ्यांत कापलेल्या मुलाला कोणी सहज म्हणावे की तुझे इंग्रजी कच्चे, हे मला सहन होत नाही.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू. राज्याच्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात: तर्काचे 75, आकृत्यांवरचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. उतारे या शेवटच्या गटात येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅटची रीत निराळी. अलीकडच्या वर्षांत तिथे इंग्रजीच्या विभागात 24 प्रश्न येतात, त्यांतले 16 उताऱ्यांवरचे. विभागाला 40 मिनिटे, आणि पर्याय निवडायच्या प्रश्नात चूक झाली की एक गुण वजा.

क्लासमध्ये पहिला मंत्र मिळतो तो वेगाचा. उतारा पूर्ण वाचत बसू नका, आधी प्रश्न बघा, मग प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूची दोन वाक्ये वाचा, टिक करा. सीईटीत सरासरी 45 सेकंदांना एक प्रश्न पडतो, तेव्हा तिथे या युक्तीला थोडा आधार आहे हे मी मान्य करतो. पण कॅटचा हिशोब मांडून पाहा. चार उतारे, प्रत्येकी साधारण 500 शब्दांचे, म्हणजे एकूण 2000 शब्द. मिनिटाला 150 शब्द म्हणजे अगदी संथ वाचन. त्या गतीनेसुद्धा चारही उतारे तेरा-चौदा मिनिटांत वाचून होतात. सव्वीस मिनिटे हातात राहतात. वेळ जातो तो परत परत मागे जाण्यात. उताऱ्याचे सूत्र हाती नसल्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी मुलगा तोच परिच्छेद नव्याने वाचतो आणि दर वेळी त्याला वेगळाच अर्थ लागतो. शब्द शोधण्याची युक्ती या मुलाला आणखी खड्ड्यात घालते, कारण चांगला प्रश्न रचणारा चुकीच्या पर्यायातच उताऱ्यातले शब्द पेरून ठेवतो आणि बरोबर पर्याय दुसऱ्या शब्दांत लिहितो.

वाचन म्हणजे काय यावर जगात बरेच काम झाले आहे आणि त्यातले काही या मुलांपर्यंत पोचायला हवे. 1986 मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी एक साधी मांडणी केली: अक्षरे-शब्द उलगडण्याची क्षमता आणि भाषेतून अर्थ समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की सगळेच शून्य. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि खेळण्यातले मैदान मांडून घडलेला डाव करून दाखवायला सांगितले. वाचनाच्या चाचण्यांत कमी ठरलेली पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. वाचनाची कसोटी मानलेल्या गोष्टीत विषयाची ओळख इतकी मोठी कामगिरी करत असते. कोणत्याही विषयावरचा कोणताही उतारा उलगडणारी एखादी सर्वसाधारण किल्ली असते आणि ती सरावाने हाती येते, हा क्लासचा दावा या प्रयोगापुढे टिकत नाही.

इथे मार्केट यार्डातल्या मुलाची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा 1970 चा एक गाजलेला निबंध आहे, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगली गाडी असणारा बाजारात येईनासा होतो आणि शेवटी बाजारात खराब मालच उरतो. या विचाराच्या बळावर अकेरलॉफ यांना 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर मिळाले. व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेत असा विषय उताऱ्याला येणे अगदी स्वाभाविक. आता फळबाजारात वाढलेल्या मुलीला हे नव्याने सांगायला हवे का? पेटीत वरच्या थराला निवडक फळ आणि खाली हलका माल, असे एकदा निघाले की त्या शेतकऱ्याच्या पुढच्या पेटीला भाव कसा पडतो आणि त्याची झळ शेजारच्या प्रामाणिक शेतकऱ्याला कशी लागते, हे तिने घरात जेवताना ऐकलेले असते. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1978 मध्ये मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारावर लिहिले. त्यांचे म्हणणे असे की अशा बाजारात सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माहिती. खात्रीचे गिऱ्हाईक जोडून ठेवणे आणि घासाघीस करणे या दोन्ही त्या माहितीच्या शोधाच्या रीती आहेत. आपल्याकडे रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत होती, ती कायद्याने का बंद करावी लागली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला गीर्ट्झ परका वाटण्याचे कारण नाही. तरीही तो परका वाटतो, कारण इंग्रजीतला हा विषय आणि आपल्या घरातला हा अनुभव एकच आहेत, हे त्या मुलाला कोणी कधी सांगितलेले नसते. शाळेने त्याच्या घरच्या ज्ञानाला ज्ञान मानलेच नाही.

म्हणून सरावाची पहिली पायरी मी अशी सुचवतो. परीक्षेचे उतारे काही महिने बाजूला ठेवा आणि ज्या विषयात आपण आधीच पाय रोवून उभे आहोत त्या विषयावरचे इंग्रजी वाचा. कांद्याचेच घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. त्या वर्षीच्या डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे 2024 मध्ये किमान निर्यातमूल्य टनाला 550 डॉलर ठेवून ती खुली केली, सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आणले आणि 1 एप्रिल 2025 पासून काढून टाकले. या प्रत्येक टप्प्यावर मराठी वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनीही. आधी मराठी अग्रलेख वाचा, मग त्याच घटनेवरचा इंग्रजी. शेतकऱ्याची बाजू कोणी घेतली, शहरी ग्राहकाची कोणी, दोघांच्याही अडचणी मान्य करून तिसरा मार्ग कोणी सुचवला, ते शोधा. इंग्रजी लेखात न समजलेला शब्द विषयाच्या ओढीने आपोआप उलगडत जाईल. पॉल नेशन यांनी 2006 मध्ये अंदाज मांडला की इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीविना नीट वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) ओळखीची असावी लागतात. यादी पाठ करून एवढे शब्द अंगी लागत नाहीत. ज्या मजकुराची ओढ आहे तो भरपूर वाचल्याने ते जमतात. कांद्यावरून हमीभावाकडे, तिथून दुष्काळाच्या अर्थशास्त्राकडे, तिथून अमर्त्य सेन यांच्या 1981 च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मधल्या युक्तिवादाकडे जाता येते: धान्य असूनही माणसे उपाशी मरतात, कारण ते मिळवण्याचा त्यांचा अधिकार आणि ऐपत नाहीशी होते. एक वर्ष असे वाचलेल्या मुलीला परीक्षेतला अर्थशास्त्राचा उतारा घाबरवू शकणार नाही.

आता वादाच्या सूत्राकडे वळतो, कारण सर्वांत जास्त गुण तिथे जातात. कॅटचे उतारे बहुधा एखाद्या वैचारिक लेखातून कापून घेतलेले असतात. लेखक सुरुवातीला दुसऱ्याचे मत मांडतो, तेही इतक्या समरसतेने की ते त्याचेच वाटावे. मग एखादे छोटे वळण येते आणि तो त्या मतातली उणीव दाखवू लागतो. शेवटी तो पूर्ण विरोधही करत नाही; एवढ्या मर्यादेत ते मत खरे, त्यापुढे नाही, असे म्हणून थांबतो. मुलगा पहिल्या परिच्छेदातले मत लेखकाचे समजून बसतो आणि मुख्य मुद्दा, लेखकाचा सूर, अनुमान असे सगळे प्रश्न त्या एका चुकीमुळे हातचे जातात. ही चूक इंग्रजीची नाही. हाच उतारा मराठीत दिला असता तरी ती झाली असती.

या रचनेला आपल्या परंपरेत फार जुने नाव आहे: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे, ही शास्त्रचर्चेची शिस्त. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचे सारे वैचारिक गद्य या शिस्तीवर उभे आहे. ‘केसरी’ 1881 मध्ये सुरू झाला. आगरकर त्यातून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. 1891 च्या संमतिवयाच्या विधेयकावरून सुधारक आणि टिळक यांच्यात जो वाद पेटला, तो दोन्ही बाजूंनी वाचणे ही उताऱ्याच्या तयारीची उत्तम शाळा आहे. तिथे एकाच लेखात सरकारचे म्हणणे, शास्त्राचे म्हणणे, विरोधकाचे म्हणणे आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे एकमेकांत विणलेले असते आणि वाचकाला प्रत्येक धागा वेगळा ओळखावा लागतो. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे केलेले निवेदनही असेच वाचावे: उच्चवर्गात शिक्षण झिरपवले की ते खाली पोचेल, हा सरकारी पूर्वपक्ष त्यांनी कसा मोडला ते पाहावे. ज्याला हे मराठीत पेलले, त्याला इंग्रजीतले वळण दिसेल. कोणाचा आवाज चालू आहे हा एकच प्रश्न दर दोन वाक्यांनंतर स्वतःला विचारायचा असतो.

एवढा पाया झाला की परीक्षेच्या उताऱ्यांकडे परतावे. उतारा वाचून झाल्यावर पर्यायांकडे न बघता वही उघडावी. लेखकाने कोणाचे म्हणणे खोडले, स्वतः काय म्हटले आणि कुठे हात आखडता घेतला, हे तीन-चार मराठी वाक्यांत लिहावे. मग पर्याय पाहावेत. जे पर्याय नाकारले त्यांच्यापुढे नाकारण्याचे कारण लिहावे. दिवसाला एवढा एकच उतारा पुरे. मॉक परीक्षांमागून मॉक देत राहिल्याने आपण कुठे आहोत ते कळते, पुढे कसे जायचे ते कळत नाही. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत त्या द्याव्यात, तोवर नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मराठीत सारांश लिहायची सवय लागली तर मुलगा परीक्षेत मनातल्या मनात भाषांतर करत बसेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकलेल्या समाजाला हा धोका चांगला माहीत आहे. वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेले की सगळी वाक्ये हाती येतात आणि लेख निसटतो. म्हणूनच मी वाक्यांचे भाषांतर सांगत नाही. संपूर्ण उतारा इंग्रजीतच वाचायचा आणि त्याचा युक्तिवाद आपल्या सर्वांत पक्क्या भाषेत मांडून पाहायचा. मराठीत मांडता आला नाही तर तो समजलेलाच नव्हता, हे त्या क्षणी उघडे पडते. इंग्रजीत सारांश लिहिणारा मुलगा उताऱ्यातलीच वाक्ये इकडची तिकडे करून स्वतःची समजूत घालू शकतो. मराठीत ती पळवाट बंद होते. एका भाषेत कमावलेली विचाराची क्षमता दुसरीत उतरते, असे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स 1979 पासून मांडत आले आहेत. दुसऱ्या भाषेची किमान ओळख झाल्याशिवाय ती उतरत नाही, असेही अनेक अभ्यासक म्हणतात, आणि ते मला पटते. ज्याला साधे इंग्रजी वाक्य लागत नाही त्याने आधी इंग्रजीच शिकावे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पदवीधर मुलांपैकी बरीचशी ती किमान रेषा ओलांडून आलेली असतात, फक्त त्यांना तसे कोणी सांगत नाही.

मग परीक्षेचे काय? उतारा इंग्रजीत असावाच का? मी इंग्रजी उतारा काढून टाका म्हणणाऱ्यांत नाही. सावित्रीबाईंनी आपल्या कवितेत इंग्रजीचे स्वागत केले ते वंचितांच्या सुटकेचे साधन म्हणून, आणि आजही व्यवस्थापनाचे, कायद्याचे, विज्ञानाचे ज्ञान त्या भाषेत साठलेले आहे. ते वाचता येते का हे पाहण्याचा हक्क परीक्षेला आहे. 2014 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सी-सॅट या पेपरवरून आंदोलन झाले, तेव्हा इंग्रजी उताऱ्यांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरायचे नाहीत असे ठरले आणि 2015 पासून तो सारा पेपर 33 टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. प्रश्न मिटला, पण वाचनाची तयारी कोणी कशी करावी हा मूळ विषय तसाच राहिला.

अन्याय आहे तो दुसरीकडे. एमबीए सीईटीत तर्काचे 75 प्रश्न इंग्रजीत असतात आणि गणिताचे 50 सुद्धा. गोल टेबलाभोवती कोण कुठे बसले हे ठरवणारा तर्क कोणत्याही भाषेत चालतो. तो इंग्रजीतच विचारला की प्रश्नाचा अर्धा भार वाचनावर पडतो. म्हणजे इंग्रजी वाचनाची परीक्षा 50 प्रश्नांपुरती न राहता नाव न सांगता तर्कात आणि गणितातही घेतली जाते. राज्याच्याच तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीत प्रश्न मराठीतही मिळतात. मग एमबीएला तर्क आणि गणित मराठीत द्यायला काय हरकत आहे? इंग्रजीचे 50 प्रश्न इंग्रजीतच ठेवा, हवे तर अधिक कसदार करा. बाकीचे दोन्ही भाषांत द्या. ही मागणी राज्याच्या सीईटी कक्षाकडे विद्यार्थी संघटनांनी लेखी करावी.

तोवर एक काम वस्तीतच होऊ शकते. पुण्याच्या पेठांप्रमाणे या भागातही अभ्यासिका आहेत. महापालिकेच्या, मंडळांच्या, खासगी. सगळीकडे शांतता राखा अशी पाटी असते आणि प्रत्येक मूल आपल्या कप्प्यात एकटे बसते. युक्तिवाद मात्र एकट्याने शिकता येत नाही. आपल्याला उताऱ्याचा जो अर्थ लागला तोच शेजारच्याला लागला नाही, हे कळल्याशिवाय आपण काय गाळून वाचले ते दिसत नाही. आडतदाराने पाठवलेली हिशोबाची पट्टी शेतकऱ्याच्या घरातली चार माणसे मिळून वाचतात. एक जण वजन बघतो, दुसरा हमाली-तोलाई, तिसरा विचारतो की 2016 पासून आडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे, मग आपल्या पट्टीत ती कापली कशी. उतारा वाचायचा तो इतक्याच संशयाने, आणि असाच मिळून.

तेव्हा मार्केट यार्ड परिसरात अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळांना आणि संस्थांना माझी विनंती आहे. एक खोली, ती नसेल तर एक टेबल, बोलण्यासाठी मोकळे ठेवा. तिथे रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र ठेवा. आठवड्यातून दोनदा तासभर मुलांना एकच अग्रलेख दोन्ही भाषांत वाचून त्यावर मराठीत भांडू द्या. खर्च दोन वर्तमानपत्रांचा आहे. येत्या सीईटीची वाट न पाहता याच महिन्यात सुरू करा.